सव्वा महिना एकच हात

फोन वाजला तेव्हा चंद्राबाईचे हात कोपरापर्यंत तेलाने माखलेले होते आणि नडग्यांवर कस्तुरीबाईंचा नातू आर्जव पालथा पडला होता.

"वाजू दे," ती म्हणाली. "वाजून वाजून आपसूक गप बसतंय."

पण तो गप्प बसेना. थांबला आणि पुन्हा वाजला. न्हाणीच्या दारात टॉवेल घेऊन उभ्या असलेल्या कस्तुरीबाईंनी तिच्या पिशवीतून फोन काढला, हात लांब करून नाव वाचलं. "आवं, रहिमतपूरचं जावई हाईत तुमचं." आणि विचारायच्या आत स्पीकर लावूनही टाकला.

"मामी, मुलगी झाली! पहाटं पाच वाजता. दोघीबी ब्येस हाईत."

चंद्राबाईचा हात बाळाच्या पाठीवर थांबला.

"अठरा दिस आधी?"

"व्हय. डॉक्टर म्हणालं, काळजीचं काय न्हाई. अडीच किलो भरली."

"टाकं पडलं का?"

"न्हाई न्हाई, नॉर्मल."

"बरं झालं. ठेवा आता. हितं लेकरू गार पडाय लागलंय."

फोन बंद झाला. चंद्राबाईने बादलीत कोपर बुडवून पाहिलं आणि आर्जवच्या पाठीवर तांब्याची धार धरली. धार जाड, एकसारखी, मानेपासून टाचेपर्यंत. बाळ हुं की चूं करत नव्हतं. तिच्या पायांवर बाळं रडत नसत, असं सांगलीत आणि कुपवाडात सगळीकडे बोललं जायचं.

"आवं, आजी झालासा दुसऱ्यांदा, आणि त्वांड असं काय?" कस्तुरीबाई म्हणाल्या. "जावा की आजच्या आज. आमी बघतो कुणाला तरी."

आतल्या खोलीतून त्यांच्या सुनेचा, स्वप्नालीचा आवाज आला, "खरंच जा मावशी. अकराच दिवस राहिलेत. मी घालीन कशीतरी. युट्युबवर असतंय सगळं."

"युट्युब पाणी वततंय व्हय अंगावर?" चंद्राबाईने आवाज चढवला. "सव्वा महिना एकच हात. तुमच्या उंबऱ्यात पाय ठेवायच्या आदी सांगितलंतं म्या. मधी हात बदलला की लेकरू किरकिरं हुतंय. अकरा दिस म्हंजे अकरा दिस."

कस्तुरीबाईंनी टॉवेल पुढे केला. चंद्राबाईशी वाद घालून कुणी जिंकल्याचं त्यांच्या ऐकिवात नव्हतं.

बाळ-बाळंतिणीला न्हाऊ घालायचा तिचा हा धंदा बत्तीस वर्षांचा. शाळा तिसरीपर्यंत, पण दराच्या बाबतीत तिला वकीलही हरवू शकला नसता. कुणी दर विचारला की ती म्हणायची, "आदी न्हाणी दावा." न्हाणीत वाकून बघायची: मोरी कुठं आहे, उतार कुणीकडे, वारं येतंय का, पाणी उचलून आणावं लागेल का. मग बाळाच्या आजीकडे बघून आकडा सांगायची. पुरुषांशी दर बोलायचा नाही, हा तिचा कायदा. आणि मुलगा असो की मुलगी, दर एकच. "पोरगीच हाय, पन्नास कमी करा," असं एका घरी सासूने म्हटलं होतं. चंद्राबाईने पुढ्यातला चहा तसाच ठेवला. "पोरीला पाणी कमी लागतंय व्हय?" एवढं बोलून ती जी उठली, ती त्या गल्लीत पुन्हा गेली नाही.

पण 'एकच हात' हा कायदा मात्र तिला कुणी शिकवला नव्हता. तो तिने स्वतःच केला होता, आणि कधी केला ते तिच्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं.

एकवीस वर्षांपूर्वी नवरा गेला तेव्हा अंकिता नऊ वर्षांची होती. सुतकातली बाई बाळंतिणीच्या खोलीत कोण घेणार? तेरा दिवस चंद्राबाई घरात बसली. चौदाव्या दिवशी आपली तीन घरं होती त्या तिन्ही दारांत जाऊन उभी राहिली. तिन्हीकडे दुसरी बाई लागली होती. तिसऱ्या घरची म्हातारी जरा बऱ्या स्वभावाची, तिने पाणी दिलं आणि म्हणाली, "आता तिचा हात बसलाय गं. ऱ्हाऊ दे." त्या दिवशी चंद्राबाई कुपवाडपर्यंत चालत आली. वडापच्या जीपला द्यायलाही पैसे नव्हते. चालता चालता तिने तोच शब्द उचलला आणि पुढच्या घरापासून आपलासा केला. सव्वा महिना एकच हात. हात बदलला की बाळ किरकिरं होतं. इतक्या ठामपणे सांगायची की दोन-चार वर्षांत बायकाच एकमेकींना सांगू लागल्या. पुन्हा कुणी तिचं घर काढून घेतलं नाही.

पण त्या कासऱ्याचं दुसरं टोक तिच्याच गळ्यात पडलं. लोकांनी हात बदलायचा नाही, तर तिनेही चुकवायचं नाही. बाळाला रविवार कळत नाही. बाळाला पाडवा कळत नाही. दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला पहाटे ती कुणाच्या तरी न्हाणीत असायची, आणि घरी अंकिता एकटी आपल्या हाताने उटणं लावून घ्यायची. सगळ्यांची अंघोळ उरकून चंद्राबाई घरी पोचायची तेव्हा एक वाजलेला असायचा. मग नळाचं गार पाणी, दोन तांबे, झालं. बत्तीस वर्षं दुसऱ्यांना कढत पाणी घालणारी ही बाई स्वतः गार पाण्यानेच न्हायली.

अंकिताचं पहिलं बाळंतपण कुपवाडला, आईकडेच झालं. त्याला सात वर्षं होऊन गेली. तेव्हा चंद्राबाईकडे पाच घरं होती. पहाटे साडेपाचला निघायची. अंकिताचा नंबर लागायचा दीड वाजता, आणि तोवर चंद्राबाईच्या पाठीचा कणा धरलेला असायचा. एके दिवशी पाठीवर पाणी पडत असतानाच अंकिता म्हणाली, "आई, मी तुझं सहावं घर. दर किती लावणार?"

चंद्राबाई खळखळून हसली होती. अंकिता हसली नव्हती. हे तिच्या ध्यानात आलं ते लेक नांदायला परत गेल्यावर, रिकामी खोली झाडताना.

म्हणून या खेपेला तिने आधीच ठरवलं होतं. अंकिताला पुन्हा दिवस गेल्याचं कळलं, तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर डॉक्टरांनी दिलेल्या तारखेला तिने कुंकवाचं बोट टेकवलं आणि तिथून मागे मोजत आली. जी घरं त्या तारखेआधी पुरी होतील तीच धरायची. तीन घरांना नाही म्हणाली. एक तर बाजारपेठेतलं, कपड्याच्या दुकानवाल्यांचं. "मावशी, पाचशे देतो रोजचे," म्हणून माणूस दारात आला होता. "पाचशे दे न्हाईतर पाच हजार दे. माझी लेक बाळंत हुणार हाय." हे सांगताना तिची मान अशी ताठ झाली होती की तो माणूस उगाचच "अभिनंदन" म्हणून गेला.

सगळी घरं सुटली. एकटा आर्जव राहिला. त्याचा सव्वा महिना अंकिताच्या तारखेच्या सात दिवस आधी भरत होता. सात दिवस हातात, मग सलग चाळीस दिवस लेकीकडे. बत्तीस वर्षांत तिने स्वतःसाठी मागितलेली ही पहिली सुट्टी. आणि नात अठरा दिवस आधी आली.

त्या संध्याकाळी तिने फोन लावला.

"आई, कधी येतेस?"

"अकरा दिसांनी. हितलं पुरं झालं की दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरणार बघ."

"आणि तोवर?"

"तोवर वल्या फडक्यानं पुसायचं. नाळ पडंस्तवर तसंबी पाणी घालायचं नसतंय."

"नाळ पडेल की आठवड्याभरात."

चंद्राबाईने कॅलेंडरकडे पाहिलं. "मग विहीणबाईंना सांग, दोन-चार दिसापुरती बाई बघा. मी आली की ती जाईल."

"आणि हात बदलायचा नाही, ते?"

"ते लोकांस्नी सांगायचं असतंय गं."

"आम्ही लोकच की."

मग फोन कृष्णातने घेतला. तो मिलिटरीत, बाळंतपणासाठी जम्मूहून आलेला. "मामी, मला साहेबांनी पंचवीस दिवसाची सुट्टी दिली. तुमचा साहेब कोण हाय? नाव सांगा, मीच अर्ज करतो." तो मोठ्याने हसला. चंद्राबाईही हसली. फोन ठेवल्यावर तिने आपला न्हाऊ घालताना बसायचा पाट उलटा करून भिंतीला लावला, आणि मग तो सरळच आहे असं वाटून पुन्हा उलटा केला.

आर्जवचे अकरा दिवस तिने इमानाने भरले. एकही अंघोळ घाईने उरकली नाही. शेवटच्या दिवशी कस्तुरीबाईंनी साडी-खण आणि नारळ देऊन ओटी भरली. "लय केलंसा आमच्यासाठी," म्हणाल्या. चंद्राबाई म्हणाली, "तुमच्यासाठी न्हाई, ठरल्याप्रमाणं केलं."

दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ती रहिमतपूरला उतरली तेव्हा दहा वाजले होते. एका पिशवीत ओवा, बाळंतशेपा, घरी दळलेलं मसूरडाळीचं पीठ. दुसरीत तिचा पाट. बत्तीस वर्षांत मधोमध खोलगट झालेला, काखेत मारून गावभर फिरलेला. जावयाच्या दारात पाय टाकला आणि तिला आतून पाण्याचा आवाज आला. ती उंबऱ्यातच थांबली. धार बारीक होती. जरा तुटकही.

"या या विहीणबाई!" अंकिताची सासू अंजनाबाई लगबगीने पुढे आल्या. "पाणी चाललंय आत. बसा वाईच."

चार-पाच मिनिटांनी न्हाणीतून पस्तिशीची एक बाई बाहेर आली. सलवार-कमीजवर प्लास्टिकचा एप्रन, हातात दुपट्यात गुंडाळलेलं गाठोडं. तिने ते चंद्राबाईच्या मांडीवर ठेवलं. "घ्या मावशी. तुमचीच वाट बघत हुतो सगळी. मी संयोगिता."

नात झोपेत तोंड वाकडं करत होती. वर अंकिताचं कपाळ, खाली कृष्णातची हनुवटी. चंद्राबाईने दुपट्याची कड सारून तिची मान चाचपली, बगल बघितली, कानामागे बोट फिरवलं. कुठेही ओल नव्हती. पीठ राहिलं नव्हतं. खोड काढायला जागा नव्हती.

"दोन-चार दिसापुरतीच बोलावल्याली तिला," अंजनाबाई म्हणाल्या, "पण ती म्हणाली..."

"मी अर्धं काम घेत न्हाई मावशी," संयोगिता एप्रन सोडत म्हणाली. "घेतलं तर सव्वा महिना. मधीच हात बदलला की बाळ किरकिर करतंय. तुमाला काय सांगायचं, तुमी तर ह्यातल्या जुन्या."

"कोण म्हणतं असं?"

"सगळ्याच म्हणत्यात की."

अंकिता दारात उभी होती. डोक्याला फडकं बांधलेलं, चेहरा वाफेने लाल. ती आईकडे बघत होती, नुसती बघत होती. चंद्राबाईच्या जिभेवर शब्द आले होते. खोटं हाय ते. म्या केलंय ते, माझं पोट भराय. एका वाक्याचं काम. संयोगिता हसली असती, पुढच्या घरी गेली असती, आणि उद्या सकाळी ही पोर आजीच्या नडग्यांवर असती.

पण मग एकवीस वर्षं हेच सांगत आलेल्या चंद्राबाईचं काय? तिच्या शब्दावर आयाबायांनी दुसऱ्या हाताला उंबरा ओलांडू दिला नव्हता. कालच तर त्याच शब्दापायी ती अकरा दिवस भरून आली होती.

"खरं हाय," ती म्हणाली. "हात बदलू न्हाई."

अंकिताने मान वळवली आणि आत गेली.

एप्रनची घडी घालणाऱ्या संयोगिताला चंद्राबाईने विचारलं, "दर काय तुझा?"

"साडेचारशे. आणि रविवारी सुट्टी. ते मी आदीच सांगतो."

"रविवारी लेकरू पारोसं ऱ्हातंय?"

"ऱ्हातंय कशाला? आजी घालती की. घरच्यास्नीबी जमाय पायजे. माझीबी दोन हाईत घरात, मावशी. रविवारी त्यांची अंघोळ माझ्याकडं." तिने हे असं सांगितलं, जसं कुणी गाडीची वेळ सांगावी. त्यात ताठा नव्हता की माफी नव्हती. चप्पल घालून ती निघूनही गेली.

अंजनाबाई हळूच म्हणाल्या, "ह्या रविवारी तुमीच घाला. तुमीबी आजीच हाईसा."

शुक्रवार आणि शनिवार चंद्राबाईला जाता जाईनात. थोरला नातू सकाळीच शाळेला जायचा. चारला जाग यायची. पडून राहायची सवय नाही. अंगण झाडायला घेतलं तर अंजनाबाईंनी खराटा काढून घेतला: "पावण्यांनी झाडायचं नसतंय." भाकरी थापायला बसली तर अंकिताच्या जाऊबाई आधीच बसलेल्या. दहा वाजता संयोगिता यायची, दार लोटून घ्यायची, आणि चंद्राबाई सोप्यात बसून त्या बारीक धारेचा आवाज ऐकायची. एकदा पोर रडली. चंद्राबाई उठून उभी राहिली. रडं थांबलं. ती बसली.

रविवारी तिने पाट काढला. कुणाला हात लावू दिला नाही, पाणी स्वतः विसणलं, कोपर बुडवून पाहिलं, पदर खोचून पाय लांब केले आणि म्हणाली, "आण गं."

अंकिताने पोर तिच्या नडग्यांवर ठेवली. तीन मुठींएवढी पाठ. चंद्राबाईच्या हातांना मग काही सांगावं लागलं नाही. तेल, पीठ, धार. पालथी, उताणी, पुन्हा पालथी. डोळ्यांवर तळहाताचं छप्पर, कपाळावरून मागे पाणी. पोर रडली नाही. शेवटच्या तांब्याला तर झोपून गेली. तिला पुसून, गुंडाळून अंजनाबाईंकडे दिलं, लगोलग अंकिताला पाटावर बसवलं, पाठ चोळली, कंबरेवर कढत पाणी सोडलं, "ऊठ," म्हणाली.

अंकिता उठली नाही. केसांतून पाणी निथळत तशीच बसून राहिली.

"झालं?"

"झालं की. काय ऱ्हायलं?"

"नाही, राहिलं काहीच नाही." मग तिने वळून आईकडे बघितलं. आवाजात राग नव्हता. "आई, तुला कुठं जायचंय?"

चंद्राबाईने दारातून सोप्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. दोघींची मिळून पस्तीस मिनिटं. तिच्या हातांना एवढाच वेळ ठाऊक होता; त्यापुढे त्यांना दुसऱ्या घराचं दार दिसायचं.

"कुटं न्हाई," ती म्हणाली. "बस. आनी वततो दोन तांबं."

तिने बादलीत हात घातला.

"राहू दे," अंकिता म्हणाली. "गार झालंय आता."

सोमवारी सकाळी चंद्राबाई निघाली. अंजनाबाईंनी रीतीप्रमाणे राहायचा आग्रह केला, तिने रीतीप्रमाणे नाही म्हटलं. नातीच्या टाळूवर तेलाचं बोट टेकवलं. अंकिता फाटकापर्यंत आली. "सव्वा महिना झाला की बारसं आहे, ये," म्हणाली, आणि थोडं थांबून, "लवकर ये."

कुपवाडला कॅलेंडरवर कुंकवाचा ठिपका अजून होता, आणि त्याच्या पुढे चाळीस मोकळे चौकोन. तिने ते दिवस लेकीसाठी राखले होते. ते दुसऱ्या कशाला वापरायचे असतात, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. बुधवारी स्वप्नालीची मावसबहीण बाळंत झाल्याचा निरोप आला. चंद्राबाई गेली. न्हाणी बघितली. उतार बरा होता.

"दर काय घेता मावशी?" बाळाच्या आजीने विचारलं.

"साडेचारशे."

आजीने मान डोलावली. चंद्राबाई गेली नाही, उभीच राहिली. पुढचे शब्द तिला जुन्या कुलपासारखे जड गेले. "आनी रविवारी यायची न्हाई."

"अगं बया! रविवारी काय असतंय तुमचं?"

काय असतंय? चंद्राबाईने न्हाणीच्या ओल्या फरशीकडे पाहिलं. "रविवारी मी घरात असतो," ती म्हणाली.

"आणि मग ते एकच हात म्हणत्यात, ते?"

"रविवारी तुमी घाला. आजीच्या हातानं काय हुईत न्हाई."

घर ठरलं.

पहिल्या रविवारी तिला चारलाच जाग आली. ती सात वाजेपर्यंत आढ्याकडे बघत पडून राहिली. उठून चहा केला, एकटीने प्याली. नऊ वाजता रहिमतपूरला फोन लावला. पलीकडून पाण्याचा आवाज आला, अंजनाबाईंचं बाळाशी बोबडं बोलणं ऐकू आलं, आणि अंकिता घाईत म्हणाली, "आई, अंघोळ चाललीय गं. नंतर करते."

"कर, कर. काय काम न्हवतं."

तिने फोन फळीवर ठेवला. मग गॅसवर मोठं पातेलं चढवलं. पाणी तापेपर्यंत वाटीत तेल घेतलं. पातेलं मोरीवर नेलं, बादलीत विसणलं, आणि कोपर बुडवून पाहिलं. वाईच जास्त कढत होतं. अर्धा तांब्या गार घातला, हलवलं, पुन्हा कोपर बुडवलं.

आता बरोबर होतं.

ती आपल्या खोलगट पाटावर टेकली. सवयीने पाय लांब झाले. तिने ते आखडून घेतले नाहीत. तांब्या भरला आणि मोकळ्या नडग्यांवर हळूहळू धार धरली, जाड, एकसारखी. कुठेही जायची घाई न करता.